मैनुद्दीन मिस्त्रींचा अकरा वाजताचा आजार

धारूर तालुक्यात कुणाच्या विहिरीवरचं डिझेल इंजन बंद पडलं, की तो शेतकरी आधी देवाचं नाव घ्यायचा आणि मग मैनुद्दीन मिस्त्रींचं. देवाला वेळ लागायचा. मिस्त्री मात्र सायकलच्या दांडीला पान्यांची पिशवी अडकवून तासाभरात बांधावर हजर व्हायचे.

चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. इंजनाला हँडल मारायला सांगायचं, डोळे मिटून दोन मिनिटं ऐकायचं आणि निकाल द्यायचा, "नोझल गेलंय," नाहीतर, "रिंगा खलास." एखादा मालक मध्येच म्हणायचा, "मिस्त्री, सकाळच्या पारी धूर जरा काळा येतो, बरं का." त्यावर मिस्त्री हात वर करून त्याला थांबवायचे. "तुला काय कळतंय बे इंजनातलं? तू ऊस बघ. इंजन माझ्यावर सोड."

लोक सोडायचे. इंजन सुरूही व्हायचं, म्हणून या बोलण्याचा राग कुणी धरला नाही.

मिस्त्री आता एकोणसत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या घरात दखनी बोलतात. मी इथं मराठीत सांगतोय खरं, पण त्यांच्या बायकोच्या, म्हणजे चाँदबीच्या तोंडचा ठसका मराठीत पुरता उतरत नाही, हे आधीच कबूल करतो.

तीन वर्षांपूर्वी मिस्त्रींच्या पायाची जखम भरेना, तेव्हा धारूरमधल्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि साखर निघाली. त्यांनी सकाळची एक गोळी लिहून दिली. जखम भरली, मिस्त्री पुन्हा आपल्या इंजन दुरुस्तीच्या दुकानात बसू लागले आणि दोन वर्षं कुणाला काही सांगावं असं घडलं नाही.

पुढचं घडलं ते प्रेमापोटी. त्यांचा मुलगा आमेर छत्रपती संभाजीनगरला कंपनीत आहे. गेल्या हिवाळ्यात तो गाडी घेऊन आला आणि वडिलांना तिकडच्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात सगळ्या तपासण्या करायला घेऊन गेला. दिवसभर मिस्त्रींना या खोलीतून त्या खोलीत फिरवलं. गोळ्यांबद्दल विचारायची वेळ आली, तेव्हा डॉक्टरांनी आमेरला विचारलं. आमेरला एवढंच ठाऊक होतं, की अब्बू धारूरला 'कायतरी एक' घेतात. मिस्त्री शेजारच्याच खुर्चीवर बसलेले होते. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी निदान गोळीचा रंग तरी सांगितला असता. पण पेशंटला विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. येताना हातात एक जाडजूड फाईल आणि चार नव्या गोळ्या होत्या.

घरी आल्यावर प्रश्न पडला, की जुनी गोळी ठेवायची का सोडायची. चाँदबीनं त्याचा निकाल लावला. "एक डॉक्टर गावातला, एक शहरातला. दोघं बी शिकलेले. कुणाची बी कावून बंद करायची?" सगळ्या पाकिटांची एक कापडी पिशवी झाली. रोज सकाळी आठ वाजता चाँदबी गोळ्या पाकिटातून काढून स्टीलच्या वाटीत टाकायची आणि समोर उभी राहून गिळायला लावायची. मिस्त्रींनी पाकीट कधी पाहिलंच नाही. त्यांना फक्त वाटी दिसायची.

आमेरनं परत जाताना फोनवर 'अब्बू हेल्थ' नावाचा ग्रुप काढला. त्यात तो स्वतः, त्याची बायको आफ्रीन, मिस्त्रींच्या दोन मुली, दोन जावई आणि चाँदबी असे सगळे होते. अब्बूंकडं बटनांचा फोन होता, म्हणून तेवढे अब्बू ग्रुपमध्ये नव्हते.

महिनाभरात मिस्त्रींना नवाच त्रास सुरू झाला. दुकानात बसल्याबसल्या दरदरून घाम फुटायचा. हात थरथरायचे, पाना निसटून पायावर पडायचा. डोळ्यांपुढं अंधारी यायची, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचं नाव तोंडात येऊन अडकायचं. एकदा तर ओळखीच्या शहादेवला, ज्याचं इंजन त्यांनी वीस वेळा उघडलं होतं, ते "तू कोण?" म्हणाले. शहादेव गावभर सांगत सुटला, की मिस्त्री गेले कामातून.

चाँदबीनं त्यांना धारूरच्या डॉक्टरांकडं नेलं. दवाखान्यात रांग दारापर्यंत होती. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, "वय झालं चाचा. अशक्तपणा आहे. ताकदीची गोळी देतो."

"पण साहेब," मिस्त्री म्हणाले, "हे रोज अकरालाच कावून होतं? सकाळी न्हाई, दुपारी न्हाई, अकरालाच?"

डॉक्टर हसले. "चाचा, तुम्ही इंजनाचं बघा. शरीराचं आमच्यावर सोडा."

हेच वाक्य त्यांनी स्वतः हजार वेळा दुसऱ्यांना ऐकवलेलं होतं. पण ते ऐकायला कसं लागतं, हे त्यांना वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी कळलं.

ग्रुपवर चर्चा झाली. साखर वाढत असणार, असं धाकटे जावई म्हणाले. त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच दिवशी चाँदबीनं घरातली साखर डब्यासकट शेजारी नेऊन ठेवली. भात बंद झाला. सकाळची न्याहारी दोन भाकरींवरून अर्ध्या भाकरीवर आली. आमेरनं फोनवरून दुकान बंद करायला लावलं आणि किल्ली चाँदबीच्या कमरेला गेली. मिस्त्रींनी आता आराम करायचा, असं ठरलं. कुणी ठरवलं हे त्यांनी विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं. ते ज्यात नव्हते, त्या ग्रुपनं.

आरामाच्या तिसऱ्याच दिवशी मिस्त्री घरातून सटकले आणि धारूरच्या किल्ल्याखालच्या उतारावर गेले. तिथं सुग्रीव शेळ्या चारतो. सुग्रीव त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. शाळेत दोघं एकाच दिवशी जायचे बंद झाले, तेव्हापासूनची मैत्री. मिस्त्री कसेबसे दगडावर टेकले. कपाळावरून घाम गळत होता.

"काय झालं बे तुला?" सुग्रीव म्हणाला. "ओला झालास की."

"अकरा वाजले," मिस्त्री म्हणाले.

सुग्रीवला त्यातलं काही कळलं नाही. त्यानं तीन दगडांवर चहा उकळला. त्याच्याकडं साखर नसते, गूळ असतो, आणि तो चहात कमी पडल्याची तक्रार आजवर कुणी केलेली नाही. मिस्त्री कप हातात धरून क्षणभर थांबले. तीन वर्षांत त्यांनी गोड तोंडात घातलं नव्हतं. मग एका दमात पिऊन टाकलं.

पाव तासानं हात थांबले. घाम वाळला. समोरच्या शेळ्या एकेक करून स्पष्ट दिसायला लागल्या.

"लई दिवसांनी बरं वाटलं," ते म्हणाले, आणि लगेच त्यांना आपण काहीतरी भयंकर केल्यासारखं वाटलं. चाळीस वर्षं कुणाच्या इंजनातला एक नट न चोरलेला माणूस म्हातारपणी गूळ चोरू लागला. रोज साडेदहाला घर सोडायचं, सुग्रीवकडं जायचं, गुळाचा चहा प्यायचा आणि तोंड पुसून परत यायचं. ज्या दिवशी जाणं जमणार नाही त्या दिवसासाठी बंडीच्या खिशात एक खडा. घरात मात्र सगळे खूश होते. चाँदबीनं ग्रुपवर आवाजी मेसेज टाकून कळवलं, की गोड पूर्ण बंद केल्यापासून अब्बूंची तब्येत सुधारली. सगळ्यांनी अंगठे पाठवले.

मिस्त्रींना अपराधी वाटत होतं, पण त्यांच्यातला मिस्त्री स्वस्थ बसेना. साखरेच्या रोग्याला गोड खाल्ल्यावर बरं वाटतं, हे गणित काही जुळत नव्हतं. घरी परतल्यावर न्हाणीच्या पत्र्याच्या दाराला आतून त्यांनी खडूनं खुणा करायला सुरुवात केली. थरथर सुटली की उभी रेघ. गूळ खाल्ला की शेजारी गोल. बाजूला वेळ. न्हाणीत तेवढं त्यांना कुणी विचारायला येत नसे.

सतरा रेघा झाल्या. सतराच्या सतरा साडेदहा ते साडेअकराच्या मधल्या. ज्या दिवशी न्याहारी कमी, त्या दिवशी रेघ लवकर. आणि प्रत्येक रेघेच्या आधी अडीच-साडेतीन तास ती वाटी.

"सुग्रीव," एक दिवस ते म्हणाले, "म्हातारपण घड्याळ बघून येत न्हाई. हे दुसरं कायतरी हाय."

"मग सांग की घरी."

"काय सांगू? गूळ खातो म्हणून सांगू?"

सांगायची वेळ आली नाही. मुंग्यांनी सांगितलं. खुंटीवरच्या बंडीच्या खिशात मुंग्यांची रांग लागलेली चाँदबीला दिसली, आणि रांगेच्या टोकाला गूळ सापडला. त्या दिवशी त्या घरात जे झालं, ते एखाद्या शाळकरी पोराच्या दप्तरात विड्या सापडल्यावर होतं तसं होतं. आमेरनं व्हिडिओ कॉल लावला. फोन मिस्त्रींच्या तोंडासमोर धरण्यात आला.

"अब्बू, तुमाला जगायचंय का न्हाई?" आमेर ओरडत होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "आमी इकडं रात्रंदिवस तुमची काळजी करतो, आन तुमी गूळ खाताय?"

मिस्त्री म्हणाले, "आमेर, माझं जरा ऐक. मी लिहून ठेवलंय..."

"काय लिहून ठेवलंय? कुठं?"

"न्हाणीत," मिस्त्री म्हणाले.

मग आमेर हळू आवाजात आईला म्हणाला, की आता डोक्याच्या डॉक्टरलाही दाखवावं लागेल.

बाहेर जाणं बंद झालं. पुढचे चार दिवस रोज अकराला मिस्त्री खाटेवर घामानं भिजून पडायचे आणि चाँदबी शेजारी बसून दुआ म्हणत त्यांना वारा घालायची. सकाळची वाटी तिनं एकही दिवस चुकवली नाही.

पाचव्या दिवशी ग्रुपवर एक पत्रक आलं. एका संस्थेनं गावातल्या मंगल कार्यालयात ज्येष्ठांसाठी शिबिर ठेवलं होतं. नाव होतं, 'आपले आरोग्य, आपल्या हाती'. आमेरनं आईला फोन करून सांगितलं, 'अब्बूंना न्याच.' चाँदबीनं नेलं. हाताला धरून.

शिबिर नऊला होतं. पाहुणे यायचे होते, म्हणून ते सव्वादहाला सुरू झालं. दीडशे म्हातारी माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. भिंतीला लागून एका टेबलाशी आरोग्य उपकेंद्रातल्या मंगल सिस्टर बीपीचं मशीन आणि बोटाला टोचून साखर मोजायचं मशीन घेऊन बसल्या होत्या. पण तपासणी भाषणांनंतर, असं ठरलेलं होतं. सगळ्यांना चहा दिला गेला, बिनसाखरेचा.

साडेदहा झाले. मुख्य पाहुणे उभे राहिले. उत्तरेश्वरराव त्यांचं नाव. ते चांगलं बोलत होते. ज्येष्ठांनी आपल्या शरीराचं ऐकायला शिकलं पाहिजे, शरीर बोलत असतं, आपणच ऐकत नाही, असं ते सांगत होते. त्याच वेळी मिस्त्रींचं शरीर बोलू लागलं. बोटं थरथरली. मानेवरून घाम सुटला.

जवळून छातीला बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता चालला होता. मिस्त्रींनी त्याची बाही धरली. "साहेब, थोडी साखर मिळंल का?"

तो हसला. "चाचा, तुमच्याच भल्यासाठी इथं साखर ठेवली नाही. बसा, ऐका."

चाँदबीनं त्यांचा हात दाबून खाली बसवलं. दहा मिनिटं गेली. उत्तरेश्वरराव दोन दिसू लागले. व्यासपीठावर टेबल होतं, टेबलावर शाली, नारळ आणि सत्काराच्या पेढ्यांचा उघडा डबा. मिस्त्री उठले. चाँदबी "अजी, कहाँ?" म्हणेपर्यंत ते खुर्च्यांच्या मधून भेलकांडत तीन पायऱ्या चढले आणि पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत एक पेढा तोंडात टाकला. मग दुसरा. तिसरा उचलला तेव्हा दोघा कार्यकर्त्यांनी त्यांना दोन्हीकडून धरलं. सभागृहात हशा पिकला. चाँदबीनं पदरात तोंड लपवलं.

हसल्या नाहीत त्या एकट्या मंगल सिस्टर. त्यांनी मिस्त्रींचा ओला सदरा पाहिला, हात पाहिले, आणि मशीन घेऊन व्यासपीठावर पळत आल्या. "सोडा त्यांना. खाऊ द्या," त्या म्हणाल्या. बोटाला सुई टोचली. आकडा आला पन्नास.

"साखर वाढली का?" कार्यकर्त्यानं विचारलं.

"वाढली न्हाई, संपत आलीय," सिस्टर म्हणाल्या. "अजून थोडा वेळ बसवून ठेवलं असतंत, तर इथंच बेशुद्ध पडले असते." त्यांनी आणखी दोन पेढे मिस्त्रींच्या हातात दिले. सत्काराचे पेढे असे योग्य माणसाच्या पोटात जाण्याची ती बहुधा पहिलीच वेळ असावी.

भाषण थांबलं. पाव तासानं मिस्त्री बोलू लागले, आणि या सगळ्यात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी विचारलं. मंगल सिस्टर समोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "चाचा, कधीपासून होतंय? तुमी सांगा."

मिस्त्रींनी सांगितलं. वाटी आठला, त्रास अकराला. न्याहारी कमी तर त्रास लवकर. गुळानं पाव तासात थांबतं. सतरा वेळा पाहिलं, सतराही वेळा तसंच.

सिस्टर ऐकत राहिल्या. मग चाँदबीकडं वळल्या. "चाची, गोळ्या हायेत का जवळ?"

पिशवी चाँदबीच्या काखेत होतीच. सिस्टरनी पाकिटं टेबलावर मांडली आणि त्यातली दोन शेजारी शेजारी ठेवली. एक हिरवं, एक चंदेरी. मोठ्या अक्षरातली नावं वेगळी. त्यांनी खालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "ही दोन्ही औषधं एकच हायेत. साखर कमी करायची गोळी. कंपन्या वेगळ्या, म्हणून नावं वेगळी. तुमी दुप्पट घेताय चाचा. आन वरून अर्धी भाकरी."

मिस्त्रींनी दोन्ही पाकिटं हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "म्हंजी एका इंजनावर दोन मिस्त्री," ते म्हणाले. "आन दोघांची गाठ न्हाई."

चाँदबी मात्र खालीच बसली. "मीच देत होते," ती म्हणाली. "माझ्या हातानं. समोर उभी राहून." मिस्त्री उठून तिच्याजवळ गेले. ते नुसते शेजारी बसले.

मंगल सिस्टरनी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. त्यांनी दोन्ही गोळ्या थांबवून दुसऱ्याच दिवशी अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात जायला सांगितलं, आणि चिठ्ठी सिस्टरनी लिहून दिली. सकाळी सहाला चाँदबी उठली तर न्हाणीच्या दाराशी खटपट ऐकू आली. मिस्त्री पाना घेऊन दाराच्या बिजागऱ्या खोलत होते.

"हे काय चाललंय?"

"डॉक्टरला दाखवायचंय. दार न्यावं लागंल."

मोठ्या मिनतवारीनं तिनं त्यांना कागदावर उतरवून घ्यायला राजी केलं. अंबाजोगाईला तासाभराच्या रांगेनंतर एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी आधी फाईल उघडली, मग तो कागद पाहिला आणि फाईल मिटून ठेवली. कागद मात्र दोनदा वाचला. "हे कोणी लिहिलं?" त्यांनी विचारलं. त्यांनी एक गोळी बंद केली, दुसरी निम्मी केली, अकराच्या आधी काहीतरी खायला सांगितलं, आणि असं पुन्हा झालं तर गूळ किंवा साखर लगेच खायची, लपून नाही, हेही सांगितलं. नर्सनं मिस्त्रींना बोट टोचून साखर मोजायला शिकवलं. दोन मिनिटांत शिकले. नर्सला म्हणाले, "याचं सेल गेलं तर कुठून उघडायचं?"

दहा दिवसांत थरथर थांबली. शहादेवचं नाव त्याच्या बापाच्या नावासकट आठवू लागलं. दुकानाची किल्ली परत आली.

मग श्रेय वाटलं गेलं. आमेरनं ग्रुपवर लिहिलं, की शिबिराला जायचा आग्रह आपण धरला म्हणून अब्बू वाचले. धाकट्या जावयांनी लिहिलं, की साखरेचाच प्रॉब्लेम आहे हे ते पहिल्यापासून सांगत होते. संस्थेनं आपल्या अहवालात छापलं, की शिबिरात एका ज्येष्ठाचे प्राण वाचले, आणि सोबत कार्यकर्त्यांनी मिस्त्रींना दोन्ही बाजूंनी धरल्याचा फोटो टाकला. फोटोत ते आधार दिल्यासारखे दिसतात. धारूरचे डॉक्टर भेटले तेव्हा म्हणाले, "मी म्हणालोच होतो चाचा, अशक्तपणा आहे." मिस्त्रींनी कुणालाच खोडून काढलं नाही. त्यांनी डॉक्टरांना फक्त एवढंच विचारलं, की ती ताकदीची गोळी अजून घ्यायची का, आणि का घ्यायची. डॉक्टरांनी जरा विचार केला आणि ती बंद केली.

आता मिस्त्री दर शनिवारी उपकेंद्रात जातात. जाताना सोबत चाँदबी असतेच. गेल्या महिन्यात एका शनिवारी गर्दी कमी होती. चाँदबी नेहमीप्रमाणे पिशवी घेऊन बाकावर बसलेली. मंगल सिस्टरनी सहज म्हणून बीपीचा पट्टा तिच्या दंडाला गुंडाळला. आकडा पाहून त्यांनी तो पुन्हा गुंडाळला. एकशे नव्वद.

"चाची, डोकं दुखतं का?"

"दुखतंच की," चाँदबी म्हणाली. "कुणाचं दुखत न्हाई?"

"किती दिवस झाले?"

"हे आजारी पडले तवापास्नं."

तीन वर्षं एका माणसाच्या तब्येतीकडं आख्खं घर डोळे लावून बसलं होतं. त्याची पिशवी सांभाळणाऱ्या बाईच्या दंडाला तोवर कुणी हात लावला नव्हता. चाँदबीला डॉक्टरांकडून गोळी सुरू झाली.

मिस्त्री कामाला लागले. त्यांनी लोणच्याची बरणी शेजारी नेऊन ठेवली, पापडाचा डबा माळ्यावर टाकला, मिठाचा डबा स्वतःच्या ताब्यात घेतला. चाँदबीच्या गोळ्यांचं पाकीट स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं. रोज सकाळी त्यातली एक गोळी काढून वाटीत टाकायचे आणि समोर उभे राहायचे. ती म्हणाली, आज भाजी अगदीच अळणी आहे, तर म्हणायचे, "तुला काय कळतंय त्यातलं?"

चाँदबीनं हे आठ दिवस सोसलं. नवव्या दिवशी सकाळी ती वाटीला हात न लावता त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि हात पुढं केला.

"पाकीट द्या," ती म्हणाली.

"मी देतो ना रोज."

"बीपी माझं हाय. पाकीट माझ्याकडं राहील. वाचता येत न्हाई मला, पण सिस्टरनी दाखवलंय कसं बघायचं. आन मीठ किती घालायचं, ते मी त्यांना विचारलंय. तुमी मला विचारलंत?"

खिशातून पाकीट काढून मिस्त्रींनी तिच्या हातात दिलं. तिनं ते उजेडात धरलं, बारीक अक्षरांवर बोट फिरवलं आणि एक गोळी काढली. मग पाणी आणायला ती स्वतःच आत गेली.